हसलीच्या बदल्यात

मुगाचं पाणी फडक्यातून गाळून झालं, वाटीत ओतून झालं, तरी सुगन चुलीपुढून उठली नाही. दुसरी रिकामी चांदीची वाटी तिने पदराने पुसली, पाटावर ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा पुसली.

"अगं, त्या वाटीची चांदी उतरवतेस का आता?" लाडबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा काटा नव्हता. सासूच्या आवाजातला तो काटा गेला होता, आणि परवापासून सुगनला त्याचंच भय वाटत होतं.

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती 'कॉलेजवाली' होती. पोळी जाड झाली तर कॉलेजवाली, पारसला जुलाब झाले तर कॉलेजवाली, घुंगट बोटभर वर सरकला तरी कॉलेजवाली. आज मात्र लाडबाई तिला 'बिंदणी', म्हणजे सूनबाई, म्हणत होत्या, आपल्या हाताने तिच्या डोक्यावरचा पदर नीट करत होत्या. काल संवत्सरी झाली होती, पर्युषणाचा शेवटचा, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. संध्याकाळी जैन स्थानकात प्रतिक्रमणाची प्रार्थना करून सगळे घरी परतले, तेव्हा साऱ्या गल्लीसमोर लाडबाई सुनेचा हात धरून चालल्या होत्या. सुगनला तो हात निखाऱ्यासारखा लागला होता.

"प्रेमला खाली आणा आता," लाडबाई म्हणाल्या. "ऊन चांगलं वर आलं. पोरगी पार वाळून गेली."

पोरगी म्हणजे प्रेमबाई, सुगनची मोठी नणंद. वाटूरच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली, पर्युषणासाठी माहेरी आलेली. बाकीच्यांनी संवत्सरीचा एकच उपास केला होता. प्रेमबाईने अठाई केली होती. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. अठाईचं पारणं म्हणजे घरात छोटं लग्नच. माजघरात चादरी अंथरल्या होत्या, गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी सासरे कचरूलाल आणि नवरा सुवालाल बैठकीवर बसले होते.

सोनूबाई पारसला कडेवर घेऊन आत आली. मूळची हसनाबादकडची, पारस जन्मला तेव्हापासून त्याची तेलपाणी-आंघोळ तिच्याकडे. लेकरू न्हाऊन लालेलाल झालं होतं.

"घ्या तुमचा लाडोबा. पार घर डोक्यावर घेतलं न्हाताना," ती म्हणाली. "गळ्यातली हसली द्या बरं, घालते. आत्याबाई मघापासून विचारून राह्यल्या."

सुगनचा हात वाटीवर थबकला.

"हसली न्हाई घालायची," लाडबाई म्हणाल्या.

"काय म्हून?"

"म्हून-म्हून काय करतेस? न्हाई म्हणलं तर न्हाई."

सोनूबाईने एकदा लाडबाईंकडे पाहिलं, एकदा सुगनकडे. मग काही समजल्यासारखी मान हलवून तिने पारसच्या कानामागे काजळाचं बोट लावलं. म्हणजे हिलाही तेच वाटलं. जी येते तिला तेच वाटतं, आणि कुणाला काही सांगावंही लागत नाही.

हे सुरू झालं परवा. लाडबाई पारसला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पारण्याच्या दिवशी त्याला काय घालायचं, हे ठरत होतं.

"हसली कुठंय?" त्यांनी विचारलं होतं.

"काढून ठेवली," सुगन म्हणाली. ते तसं खोटं नव्हतं. काढली होतीच.

"कवा?"

"झाले काही दिवस."

लाडबाई थांबल्या. उठून त्यांनी खोलीचं दार लोटलं, परत येऊन बसल्या आणि पारसच्या कपाळावर तळहात ठेवला. "ताप आल्ता त्याला, तवाच ना?"

सुगनला आधी प्रश्नाचा रोखच कळला नाही. "हो... तेव्हाच," ती म्हणाली.

"बराबर." लाडबाईंनी मोठा श्वास सोडला. "बिलकुल बराबर केलंस. मी कवापासून म्हणणार होते, पण पोटची लेक आहे, आईच्या तोंडून निघावं कसं? मन चांगलं आहे गं तिचं. जीव टाकते पोरावर. पण कूस रिकामी आहे, अन् रिकाम्या कुशीच्या बाईचा डोळा तिच्या हातात नसतो. तिच्या अंगावरचं सोनं लेकराच्या गळ्यात, मला पहिल्या दिवसापासून धाकधूक होती. तू आपण होऊन काढलीस." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुगनच्या गालावरून हात फिरवला. "मी उगाच तुला कॉलेजवाली म्हणत राह्यले. आई आहेस तू, आई."

'तसं नाही, सासूजी' – एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण त्यांच्यामागून येणारा प्रश्न तिला आधीच दिसला: मग हसली आहे कुठं? सुगनने मान खाली घातली. मान खाली घातलेली सून या घरात 'हो' म्हणणारी सून असते, हे तिला ठाऊक होतं.

हसली होती हैदराबादच्या वाटेवर, किंवा एव्हाना हैदराबादलाच, शेजारच्या मुन्सफबाईंच्या पेटीत. आणि तिच्या बदल्यात आलेलं वाद्य वरच्या माडीवर, जादा गाद्यांच्या वळकट्यांमागे, जुन्या रजईत गुंडाळून उभं होतं. ज्या माडीवर प्रेमबाई झोपत होती, त्याच माडीवर.

सुरबहार. सतारीची थोरली बहीण. औरंगाबादला मामांकडे राहून शिकत असताना सुगन थोडी सतार शिकली होती, पण सुरबहार तिने ऐकली ती इथे, जालन्यात, नवी नवरी असताना. गच्चीवर पापड वाळत घालत होती. शेजारची गच्ची मुन्सफसाहेबांची, गावातल्या न्यायाधीशांची. मधे छातीएवढी भिंत. भिंतीपलीकडून आवाज आला. आधी तो कानाला आलाच नाही, पायाखालच्या फरशीला आला. रिकाम्या रांजणात कुणी हळू आवाजात बोलावं तसा. मुन्सफबाई गच्चीवरच्या खोलीत वाजवत होत्या. त्या दिवशी पापड कावळ्यांनी नेले आणि सुगनने बोलणी खाल्ली.

मग तो नेमच झाला. दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचं आणि भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. पोटुशी असताना तर ती तिथे बसूनच राही. पारस झाला आणि तिच्यामागे भीती लागली. श्वास चालतोय ना? घशात काही अडकलं तर? झोपेतच गेला तर? पाळण्यावर वाकून वाकून तिची मान धरायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लाडबाई म्हणाल्या असत्या, पुस्तकं वाचून डोकं फिरलंय. फक्त ती खर्जाची तार वाजली, की भीती घटकाभर थांबे. लेकरू तिच्या खांद्यावर निवांत पडून राही, आणि तीही.

या श्रावणात बातमी आली. मराठवाडा आता मुंबई राज्यात जाणार, हैदराबादकडचे अंमलदार परत निघाले. मुन्सफसाहेबांच्या घरात बांधाबांध सुरू झाली. सुगन भिंतीशी गेली तेव्हा मुन्सफबाई सुरबहारीवरची धूळ पुसत होत्या.

"इसे कहाँ ले जाऊँ, बेटी?" त्या म्हणाल्या. "रेलगाड़ी में तुंबा फूट जाएगा. कोई कदर करनेवाला हो तो दे दूँ."

घरातल्या सुनेच्या हातात रोकड नसते. दागिने सासूच्या तिजोरीत. एक पारसची हसली तेवढी सणावारी लागते म्हणून सुगनच्या कपाटात होती. आणि मुन्सफबाईंच्या मुलीला त्या महिन्यात नुकतंच बाळ झालं होतं. सुगननेच हसली पुढे केली. मुन्सफबाईंनी हात मागे घेतला होता. "बच्चे की चीज़ है. किसी ने चाव से दी होगी. सोच लो."

"हमारी ही है," सुगन म्हणाली होती.

भर दुपारी, घर झोपलेलं असताना, ते वाद्य त्या भिंतीवरून या गच्चीवर आलं. सुवालालला तिने सांगितलं, जाता जाता मुन्सफबाईंनी भेट दिली. तो साधा माणूस, आईला 'बाई' म्हणणारा; हसला, म्हणाला, "पर्युषण होऊ दे, मंग बाईला सांगू. आत्ता काढलंस तर दोघांनाही उपाशी ठेवील." तिला त्या वेळी फक्त आनंद झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखादी वस्तू तिने स्वतः हवी म्हटली होती, आणि ती तिच्या घरात होती. त्यानंतर तिने ती रजई एकदाही सोडली नव्हती. आधी धीर झाला नाही. मग पारसला ताप आला, आणि मग प्रेमबाई आली.

आणि हसली कुणी हौसेने दिली होती, हे सुगनपेक्षा जास्त कुणाला माहीत होतं? प्रेमबाईने आपल्या लग्नातली कंठी आटवून ती घडवली होती. सासरी त्यावरून रणकंदन झालं होतं, असं सोनूबाईच्या कानावर आलं होतं. प्रेमबाईने स्वतः त्याचं अवाक्षर काढलं नव्हतं.

प्रेमबाई जिना उतरून आली. भिंतीचा आधार घेत, पण हसत. डोळे खोल गेले होते, ओठ पांढरे पडले होते.

"बघा गं, काय राह्यलंय माझ्यात," पाटावर बसता बसता ती बायकांना म्हणाली. "आता वाटूरला नेताना गाडीत शेजारी दगड ठेवा, न्हाईतर वाऱ्यानं उडून जाईन."

बायका हसल्या. चतुराबाई, कचरूलालजींच्या चुलतभावाची बायको, म्हणाल्या, "जावईबापू घ्यायला आले तर ओळखतील का तुला?"

"न्हाई ओळखलं तर बरंच, काकी. सासूबाई दुसरी आणायचीच म्हणत होत्या. सरकारनं कायदा केला म्हणून वाचले, न्हाईतर आज सवतीच्या पोरांची धुणी धूत बसले असते. तपश्चर्या कुठली?"

पुन्हा हसू. स्वतःच्या दुखण्यावर आधी आपणच हसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला हसायला जागा राहत नाही – ही प्रेमबाईची रीत सुगन ओळखून होती. घुंगटाआडून ती पाहत होती.

"भाभी, आण माझ्या राजाला," प्रेमबाईने हात पसरले. "पहिला घोट त्याच्या हातचा. आठ दिवस तेवढ्यावर काढलेत. पारस, भुवाजवळ ये रे, आत्याजवळ. अगं, हसली न्हाई घातली?"

बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"तू आधी घोट घे," लाडबाई म्हणाल्या. "मंग बाकीचं."

"का? काय झालं, बाई?"

"पोराला ताप आल्ता मागं."

"माहित्ये की. उतरला ना?"

"उतरला." लाडबाईंनी नजर वाटीवर ठेवली. "हसली काढली, तवा उतरला."

सुगनला वाटलं, आता छप्पर कोसळावं. छप्पर जागच्या जागी होतं. चतुराबाई पुढे सरकल्या आणि प्रेमबाईच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "मनावर नको घेऊस, बाई. आईचा जीव असतो. माझ्या नंदेच्या पोराच्या वेळी पण आम्ही असंच केल्तं. तुझा काय दोष त्यात?"

त्या दिलाशाने प्रेमबाईला सगळं समजलं. तिने हात हळूच मागे घेतले. पसरलेले हात मिटायला इतका वेळ लागू शकतो, हे सुगनने कधी पाहिलं नव्हतं.

"भाभी," ती म्हणाली. "तू काढलीस?"

सगळ्या बायका सुगनकडे वळल्या. उंबऱ्याशी बसलेल्या सासऱ्यांनीही मान वर केली. अजूनही वेळ होती. सुगनने घुंगटाआड मान हलवली. हो.

प्रेमबाईने पुढ्यातली मुगाच्या पाण्याची वाटी बाजूला सारली. "पारसला आत न्या," ती शांतपणे म्हणाली. "मी जरा पडते. पारणं मंग करीन."

"अठाईचं पारणं असं लांबवू न्हाई, प्रेम!" लाडबाई म्हणाल्या.

"आठ दिवसांत न्हाई मेले. आता काय मरते?" आणि ती भिंत धरत, एकेक पायरी चढत वर निघून गेली. खाली बायका कुजबुजू लागल्या. सोनूबाईने पारसला आत नेलं आणि सुगनही जिन्याकडे निघाली. मागच्या अंगणातून फिरून आलेला सुवालाल जिन्याच्या वळणावर उभा होता.

"वाटलं नव्हतं तुझ्याकडून," तो दबल्या आवाजात म्हणाला. "बाईचं सोड, ती जुन्या काळची. पण तू? मी तर दोस्तांत सांगत फिरतो, माझी बायको शिकलेली आहे."

"तसं नाहीये ते."

"मंग कसंय? काढली ना हसली?"

तो बाजूला झाला, तिला वाट दिली. इतकी वाट, की तिचा पदरही त्याला लागू नये.

प्रेमबाई आडवी झाली नव्हती. गादीवर गुडघे दुमडून बसली होती, जणू सुगनचीच वाट पाहत. सुगनने दार लावलं आणि वळली, तर प्रेमबाईने हात जोडलेले.

"खमतखामणा, भाभी, क्षमा कर," ती म्हणाली. "काल स्थानकात घाईत झालं. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, अंगानं काही चुकलं असंल तर मिच्छामि दुक्कडं. अन् पारसचं पण. त्याला तर सांगता येत न्हाई, म्हणून तुला सांगते. डोळ्यानं काही झालं असंल तर." ती थांबली. "डोळ्याचं मला समजत न्हाई गं. मी तर नुसतं बघत होते. तो हसला की बरं वाटायचं, म्हणून बघायचे. पण सगळ्याच म्हणतात, तर असंल."

खाली बसता बसता सुगनने घुंगट मागे टाकला.

"तुम्ही हात जोडू नका, बाईसा. हात खाली घ्या आधी." तिने प्रेमबाईचे हात धरून खाली घेतले. "तुमच्या डोळ्यामुळे नाही काढली. हसली मी देऊन टाकली. मुन्सफबाईंना."

"देऊन टाकली?"

सुगन उठली. एकेक वळकटी तिने बाजूला ओढली. रजईची गाठ घामेजलेल्या बोटांना सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. रजई खाली पडली आणि ते वाद्य भिंतीला टेकून उभं राहिलं – रुंद दांडी, पोटाशी मोठा थोरला भोपळ्याचा तुंबा, काळवंडलेल्या तारा. इतके दिवस मनात चमकणारी ती वस्तू माडीच्या उजेडात जुनी आणि अवजड दिसत होती.

"याच्यासाठी," ती म्हणाली.

प्रेमबाईने वाद्यावरून नजर सुगनकडे वळवली. "म्हणजे तापामुळं न्हाई?"

"नाही."

"माझ्यामुळं न्हाई?"

"नाही, बाईसा. तुमच्यामुळे कधीच नाही."

प्रेमबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं, आणि क्षणभर सुगनला वाटलं, सुटले. पण तो क्षणच होता.

"मंग खाली मान का हलवलीस?"

सुगन रजई उचलून घडी घालू लागली.

"हसली तुझ्या लेकराची होती. दिली, मोडली, विहिरीत टाकली, तर मी रडले असते, भांडले असते तुझ्याशी. तुला हे आवडतं, तर मला सांगायचं होतंस; मी काय खाऊन टाकलं असतं? पण खाली मान का हलवलीस, ते सांग."

"हे कळू नये म्हणून."

"म्हणजे हे झाकायला तू माझा पदर ओढलास." प्रेमबाई आवाज न चढवता बोलत होती, तेवढी ताकदच नव्हती तिच्यात. "बाई अडाणी आहे. ती खरं समजून बोलली. चतुराकाकी खरं समजून बोलली. तुला माहीत होतं हे खोटं आहे. एवढ्या बायकांत तुला एकटीला माहीत होतं."

सुगन उभी राहिली, घरातल्या भांड्यासारखी.

"वाजव," प्रेमबाई म्हणाली.

"आत्ता?"

"माझी कंठी आहे ती. कशी वाजते बघू दे."

सुगनने सुरबहार आडवी घेतली. तार छेडायची नखी नव्हती. पावसाळी हवेने तारा उतरलेल्या. तिने नुसत्या बोटाने खर्जाची तार छेडली. आवाज आला तो बेसूर, घोगरा, तरी खोल. फरशीतून निघून गादीपर्यंत गेला. प्रेमबाईने पुढे होऊन तुंब्यावर तळहात ठेवला. आवाज विरेपर्यंत हात तसाच राहिला. मग तिने तो उचलला, आणि का कोण जाणे, आपल्या पोटाशी धरला.

"पुढं?"

"पुढे येत नाही मला," सुगन म्हणाली. हे कबूल करणं सगळ्यांत शरमेचं होतं. "मी फक्त ऐकत होते."

प्रेमबाई उठली. डोक्यावर पदर घेतला. "चल खाली. जिथं मान हलवलीस, तिथंच सांग."

"खाली सासरे बसलेत, बाईसा. मी त्यांच्यापुढे कधी..."

"मान हलवताना पण होते ते तिथंच."

माजघरात बायका अजून होत्या; पारण्याशिवाय उठायचं कसं, म्हणून ताटकळलेल्या. प्रेमबाई पाटावर जाऊन बसली. सुगन मधोमध उभी राहिली. घुंगट तिने घेतला, पण ओठ उघडेनात. सासऱ्यांसमोर सुनेने तोंडातून शब्द काढायचा नसतो. काही हवं-नको ते सासूच्या कानात. तिच्या लग्नापासून कचरूलालजींनी तिचा आवाज ऐकला नव्हता.

म्हाताऱ्यांनी एकदा लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेच्या थरथरत्या पदराकडे. मग काही न बोलता ते बैठकीवरच वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सुनेला बोलता यावं म्हणून.

"हसली नजरेसाठी काढली नव्हती," सुगन म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मला एक वाद्य हवं होतं. मुन्सफबाईंचं. त्याच्या बदल्यात हसली मी दिली. यांना सांगितलं, भेट मिळाली, ते खोटं. सासूजींनी नजरेचं म्हटलं, तेव्हा मी गप्प बसले. मघाशी बाईसांनी विचारलं, तेव्हाही मान हलवली. पारसला ताप पावसाने आला होता. बाईसांच्या डोळ्यात काही नाही. जे काही आहे ते माझ्यात आहे."

उंबऱ्याशी सुवालाल आपल्या हातांकडे बघत होता. चतुराबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"वाद्यासाठी?" लाडबाई म्हणाल्या. "तुंबड्यासाठी? लेकराच्या गळ्यातलं? अन् मला गप बसून बोलू दिलंस? माझ्या पोटच्या पोरीला मी, सगळ्यांपुढं..." त्या प्रेमबाईकडे वळल्या आणि वाक्य तिथेच अडलं. शिव्या सुगनला द्यायच्या होत्या. पण 'रिकाम्या कुशीच्या बाईचा डोळा' हे शब्द सुगनच्या तोंडचे नव्हते. लाडबाईंनी पाटावरची रिकामी वाटी उचलली आणि पदराने पुसू लागल्या. स्वच्छ होती ती, तरी पुसत राहिल्या.

"बाई, ठेव ती," प्रेमबाई म्हणाली. "सोनूबाई, आण गं त्याला."

पारस मोकळ्या गळ्याने तिच्या मांडीवर बसला. प्रेमबाईने त्याच्या मुठीत चमचा दिला, त्याची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि मुगाचं गार झालेलं पाणी ओठांना लावलं. अर्धं तिच्या हनुवटीवरून ओघळलं. पोरगं खदखदून हसलं, आणि प्रेमबाईने आधी मान वळवली; मग ठरवल्यासारखी परत फिरवली आणि डोळे भरून त्याच्याकडे बघत राहिली.

सुगनने हात जोडले. "खमतखामणा, बाईसा."

"न्हाई," प्रेमबाई म्हणाली.

चतुराबाई दचकल्या. "अगं, आजच्या दिवशी? आज तर दुश्मनाला पण..."

"दुश्मनाला म्हणता येतं, काकी. सोपं असतं ते. तोंडानं हो म्हणायचं अन् मनात ठेवायचं, हे आज या घरात एकदा झालंय. मला न्हाई करायचं." तिने दुसरा घोट घेतला. मग पारसच्या डोक्यावरून सुगनकडे पाहिलं. "पुढच्या संवत्सरीला बघू. तोवर ते शीक. गाद्यांमागं ठेवून न्हाई, बाहेर काढून शीक, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. मी येईन अन् ऐकीन. माझ्या कंठीला बेसूर वाजवलंस, तर मंग त्या वर्षी पण न्हाई."

सुगन तशीच उभी होती, हात जोडलेलेच. ते खाली घ्यावेत की न घ्यावेत, हे तिला कुणी सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या कचरूलालजींनी खाकरून घसा साफ केला आणि न वळताच विचारलं, "प्रेम, झालं का बेटा पारणं?"

"होऊन राह्यलंय, काकासा," ती वडिलांना म्हणाली, आणि चमचा पुन्हा पारसच्या मुठीत दिला.